चावी कोणाच्या हातात?

मगरिबची नमाज आटोपून आम्ही मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. तेवढ्यात गल्लीच्या वळणावर मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो. रस्त्यात एक स्कूटी आडवी पडली होती, तिचे मागचे चाक अजून फिरत होते. शेजारी मोहल्ल्यातील एक वृद्ध खाला पडल्या होत्या. हातातील पिशवी फाटून डाळ रस्त्यावर सांडली होती. स्कूटीवर तीन मुले होती आणि तिघेही आमच्याच शाळेतील. चालवणारा आठवीतला, वय 13 वर्षे. त्याच्या कोपराला खरचटले होते. तो थरथरत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, ब्रेक दाबला होता. खरंच दाबला होता, सर."

खालांच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. त्याला आता चार महिने झाले आहेत. त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात आणि खुर्चीवर बसून नमाज पढतात. आमच्या मोहल्ल्यातील निम्म्या मुलांनी नूरानी कायदा त्यांच्याच ओसरीवर गिरवला आहे. स्कूटी चालवणाऱ्या त्या मुलानेही अलिफ-बे त्यांच्याकडेच शिकली. ती ओसरी आता संध्याकाळी रिकामी असते. खालांना विचारूनच आम्ही हा प्रसंग लिहीत आहोत. नाव लिहायचे कारण नाही.

त्या रात्री इशानंतर चार मोठी माणसे एकत्र बसली. मुलाच्या वडिलांनी दवाखान्याचा खर्च उचलण्याचे कबूल केले आणि शब्द पाळलाही. खालांनी दवाखान्यातूनच निरोप पाठवला की, मुलाला कोणी मारू नका, मी माफ केले आहे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणी म्हणाले, "बच्चे हैं, हो जाता है." मामला मिटला.

आठ दिवसांनी तोच मुलगा तीच स्कूटी घेऊन आमच्या समोरून गेला. पायाशी दळणाचा डबा होता. आम्ही हात दाखवून थांबवले. खाली मान घालून तो म्हणाला, "अब्बांनी पाठवलं, सर."

आम्हाला राग आला. त्या रागातच घरी आलो आणि दारात गाडी दिसली नाही. आमचा नववीतला मुलगा दूध आणायला गेला होता. चावी त्याने चोरली नव्हती. दुपारी डुलकी लागली असताना त्याने विचारले होते आणि "खिळ्यावरची घे" असे आम्हीच सांगितले होते. लोकांच्या मुलांना उपदेश करणाऱ्या शिक्षकाच्या घरची ही गोष्ट. ती लपवून पुढचे लिहिणे बरोबर झाले नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, हे चित्र एका मोहल्ल्याचे नाही. संध्याकाळी सातला शिकवण्या सुटतात तेव्हा कोणत्याही वस्तीत उभे राहून पाहा. एका गाडीवर तिघे, कधी चौघे. डोक्यावर हेल्मेट नाही, एका हातात मोबाईल. दहा फुटांच्या गल्लीत नागमोडी चालवायची, पोरींच्या घोळक्याजवळून कट मारायचा आणि मागे वळून हसायचे. सायलेन्सर बदलून घेतलेली मोटारसायकल असेल तर मग विचारूच नका. ती फटाक्यासारखा आवाज काढत जाते तेव्हा पाळण्यातले मूल दचकून उठते, हृदयविकाराचा रुग्ण छातीवर हात ठेवतो आणि दहावीची मुलगी पुस्तक मिटून खिडकी लावते.

रमजानमध्ये तरावीह संपल्यापासून सहरीपर्यंत जी रात्र इबादतीसाठी आहे, ती काही मुले गाड्या फिरवण्यात घालवतात. शबे-बरातची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. दिल्लीसारख्या शहरात त्या रात्री मोटारसायकलींवरच्या कसरती रोखण्यासाठी पोलिसांना खास बंदोबस्त लावावा लागतो, आणि मुलांना घरात ठेवा, असे आवाहन उलेमांना करावे लागते. ज्या रात्री आपण कबरस्तानात जाऊन आपल्या मयतांसाठी दुआ मागतो, त्याच रात्री एखाद्या आईला आपल्या मुलासाठी कबर खोदायला सांगावी लागू नये.

काही वाचक म्हणतील, "सर, हे फक्त आपल्याच मुलांचे आहे का? थर्टी फर्स्टच्या रात्री, मिरवणुकीत, कॉलेजच्या रस्त्यावर कोण असते?" खरे आहे. हा रोग कोणा एका समाजाचा नाही. पण खालाही आपल्याच होत्या. शेजारच्या घरातही तापाचा रुग्ण आहे म्हणून आपल्या घरातल्या रुग्णाला औषध द्यायचे थांबत नाही.

कायदा काय सांगतो

शाळेच्या पालक सभेत आम्ही विचारले, "मुलाने गाडी चालवली तर शिक्षा कोणाला?" बहुतेकांचे उत्तर होते, "मुलाला. फार तर पाचशे-हजाराची पावती." हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार 18 वर्षांखालील कोणालाही सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही. 16 वर्षांनंतर सवलत आहे, पण ती फक्त 50 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला. आपल्या दारात उभी असलेली स्कूटी 100 सीसीच्या वरची असते, म्हणून ती सवलत तिला लागू होत नाही. मोहल्ल्यातली गल्लीही सार्वजनिक रस्ताच आहे. "मेन रोडला जाऊ नको, गल्लीतच चालव" हे आपले वाक्य कायद्याला मान्य नाही.

2019 मध्ये या कायद्यात कलम 199अ आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकाच्या संमतीनेच मुलाने गाडी घेतली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर येते. जो मुलगा उद्या ड्रायव्हर म्हणून, डिलिव्हरीच्या कामावर किंवा फिरतीच्या नोकरीवर चार पैसे कमावणार आहे, त्याची रोजी-रोटी आपण अर्धा लिटर दुधासाठी धोक्यात घालतो.

याशिवाय दुचाकीवर दोनपेक्षा जास्त जण बसले तर 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होते. आवाजाचे नियम मोडणाऱ्या गाडीसाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. विम्याचेही ऐकून ठेवा. विनालायसन्स मुलाने कोणाला जखमी केले तर विमा कंपनी भरपाईची रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते. त्यासाठी घर विकायची पाळी येऊ शकते.

एक शब्द बॅटरीच्या गाड्यांविषयी. "याला लायसन्स लागत नाही, मुलाला बिनधास्त द्या," असे दुकानदार सांगतात. ही सूट फक्त 250 वॅटपर्यंतच्या मोटारीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या गाडीला आहे. त्याहून वेगाने पळणारी किंवा नंतर वेग वाढवून घेतलेली गाडी या सुटीत बसत नाही. त्या गाडीला आवाज नसतो, म्हणून मागून आलेली म्हाताऱ्या माणसाला कळतही नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात एका महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला. त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा आपण सगळे किती संतापलो होतो! चहाच्या टपरीवर, घरात, मोबाईलवर एकच चर्चा होती, की श्रीमंतांची पोरे कशी सुटतात. त्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली, हे आपण समाधानाने वाचले. मग आपल्या गल्लीत 13 वर्षांचा मुलगा खालांना पाडतो तेव्हा आपण "बच्चे हैं" कसे म्हणतो? आपण तर निबंधही लिहायला लावला नाही.

ब्रेक दाबला होता, सर

त्या मुलाचे हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नव्हते. म्हणून आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले. त्यांनी फळ्यावर साधा हिशेब मांडला. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. समोर कोणी आले हे दिसून हात ब्रेकपर्यंत जायलाच जवळपास एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीन-चार घरे मागे गेलेली असतात. वेग 20 वरून 40 केला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. स्कूटीचे वजन 100 किलोच्या वर. आठवीतल्या मुलाचे स्वतःचे वजन 40 किलो, पाय जमिनीला जेमतेम टेकतात. त्यात मागे दोघे बसलेले. मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याने ब्रेक दाबला होता. पण ती गाडी त्याच्या आवाक्यातली नव्हती आणि ती त्याच्या हातात त्याने स्वतः दिली नव्हती.

2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतील दर शंभरात 44 हून अधिक जण दुचाकीवरचे होते. हा आकडा सरकारी अहवालातला आहे. यातला प्रत्येक जण सकाळी घरातून "येतो" म्हणूनच निघाला असेल.

चाल आणि आवाज

कुरआनमध्ये हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेला उपदेश आला आहे. शिर्कपासून दूर राहा, नमाज कायम कर, या मोठ्या गोष्टी सांगून झाल्यावर शेवटी ते दोन अगदी रोजच्या गोष्टींवर येतात. जमिनीवर ऐटीत चालू नकोस, चाल मध्यम ठेव. आणि आवाज खाली ठेव, कारण सर्वांत वाईट आवाज गाढवाचा असतो. सूरह लुकमान आपल्या मुलांना पाठ असते. त्यातल्या या दोन गोष्टी आजच्या भाषेत सांगायच्या तर वेग आणि सायलेन्सर. हा उपदेश एका बापाने मुलाला केला आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने हे काम पोलिसांवर किंवा शिक्षकांवर सोडले नाही.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. अरफातहून परतताना प्रेषित मुहम्मद (स.) यांना मागून उंट जोरात हाकण्याचा गलका ऐकू आला. तेव्हा त्यांनी लोकांना शांतपणे चालण्यास सांगितले आणि घाईने दौडण्यात पुण्य नाही, असे समजावले. हज करताना, तेही मोकळ्या वाळवंटात, त्यांना हा वेग आवडला नाही. मग आपल्या दहा फुटांच्या गल्लीचे काय? जमाअत उभी राहिली तरी धावत येऊ नका, शांतपणे या, ही शिकवणही आपल्याला ठाऊक आहे. तरीही जुम्याच्या दिवशी मशिदीच्या दारातच गाड्यांची शर्यत लागते.

रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण मुलांना शिकवतो. मुले वाटेतला काटा, दगड उचलून बाजूला ठेवतात. पण कधी कधी रस्त्यातली त्रासदायक वस्तू म्हणजे आपणच दिलेली गाडी असते. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो मोमिन नाही, असे प्रेषितांनी अल्लाहची शपथ घेऊन सांगितले आहे. आम्ही एका मुलाला विचारले, "शेजारी म्हणजे कोण?" तो म्हणाला, "भिंतीला भिंत लागून राहतो तो." आम्ही म्हटले, "आणि ज्याच्या दारासमोरून तू रात्री अकरा वाजता गाडी उडवत जातोस तो?" तो गप्प झाला.

खालांनी माफ केले, हा त्यांचा मोठेपणा. माफी मिळाली की गुन्हेगाराची मान खाली जाते आणि तो ती गोष्ट सोडतो. आपण मात्र माफीची पावती खिशात टाकली आणि गाडी पुन्हा बाहेर काढली. तौबा म्हणजे नुसता पश्चात्ताप नव्हे. ते काम सोडून देणे हा तिचाच भाग आहे.

मुलांच्याच हातात चावी का जाते?

नुसते रागावून हा प्रश्न सुटणार नाही. म्हणून पालक सभेत आम्ही सरळ विचारले, "मुलांना गाडी का देता?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक आई उठल्या. म्हणाल्या, "सर, यांचे अब्बा दुबईला आहेत. दळण, गॅस, धाकटीचा दवाखाना, सासूबाईंची औषधं. रिक्षाला रोज पैसे कुठून आणू? मला गाडी येत नाही. मग मोठ्यालाच पाठवते. तो परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

त्यांच्या बोलण्यात निष्काळजीपणा कुठे होता? तेवढ्यात शाळेतल्या एका बाजी म्हणाल्या, "भाभी, मग तुम्हीच का शिकत नाही?" सभेत हशा पिकला. बाजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तेरा वर्षांच्या पोराने चालवली तर मोहल्ला काही बोलत नाही. पस्तीस वर्षांच्या आईने लायसन्स काढून, पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून चालवली तर मात्र लोक काय म्हणतील, याची भीती. यातले कोणते जास्त शरमेचे, ते सांगा."

हे उत्तर आम्हाला सुचले नसते. उंटावर स्वार होणाऱ्या स्त्रियांमध्ये कुरैशच्या नेक स्त्रिया उत्तम, कारण त्या लेकरांवर अधिक माया करतात, असे हदीसमध्ये आले आहे. स्वार होणे आणि माया करणे हे दोन्ही तिथे एकत्र आहे. आता दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर त्या बाजी तीन भगिनींना स्कूटी शिकवतात. एकीच्या सासूबाईंचा अजून विरोध आहे. दुसरीचे शिकाऊ लायसन्स निघाले आहे.

दुसरे कारण मैदान. आमच्या मोहल्ल्यात मुलांना पळायला जागा नाही. जिथे क्रिकेट चालायचे तिथे आता गाळे झाले आहेत. 13 ते 17 वर्षांच्या मुलाच्या अंगात जोर असतो, तो कुठेतरी बाहेर पडणारच. म्हणून शाळेचे फाटक आता असरपासून मगरिबपर्यंत उघडे ठेवले जाते. दोन शिक्षक आळीपाळीने थांबतात. सगळी मुले येतात असे नाही, पण वीस-पंचवीस तरी येतात. त्यांना कबड्डी आणि फुटबॉल मिळाला की गाडीची आठवण कमी होते.

आपण काय करू शकतो

घरातली चावी खिळ्यावरून काढा. ती मोठ्या माणसाच्या खिशात किंवा कपाटात ठेवा. मुलगा मागेल तेव्हा "आज नको" म्हणू नका. "18 वर्षांचा झालास की आपण दोघे लायसन्स काढायला जाऊ" असे सांगा आणि तो शब्द पाळा. दहावीत नव्वद टक्के मिळाले तर गाडी, असले वचन देऊ नका. दहावीतला मुलगा 15-16 वर्षांचा असतो. त्याला सायकल द्या.

मोठ्या भावांनी आणि मामूंनी लाडात भाच्यांना पुढे उभे करून हँडल धरायला देऊ नये. चटक तिथूनच लागते. गॅरेजवाल्या बांधवांनी आवाजाचा सायलेन्सर बसवून देऊ नये. चार पैसे मिळतील, पण त्यात किती घरांची झोप गेली याचाही हिशेब द्यावा लागेल. मशिदीच्या जबाबदार मंडळींनी शबे-बरात आणि रमजानच्या आधीच्या जुम्याला दोन मिनिटे या विषयासाठी ठेवावीत. आणि आपण मोठ्यांनी स्वतः हेल्मेट घालावे. आमच्या मुलाने आम्हाला विचारले होते, "अब्बा, तुम्ही कुठे घालता?" आता घालतो.

सगळे बदलले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कालच संध्याकाळी दोन मुले हॉर्न वाजवत आमच्या दारासमोरून गेली. त्या आठवीतल्या मुलाच्या वडिलांनी मात्र आता गाडीची चावी दुकानाच्या गल्ल्यात ठेवायला सुरुवात केली आहे. मुलगा असरनंतर खालांकडे जातो आणि काही आणायचे असेल तर विचारतो. सायकलवर जाऊन आणून देतो. खाला सांगतात, अजून तो त्यांच्या नजरेला नजर देत नाही. त्याला शिक्षा आम्ही केली नाही, पण ती झालेली आहे. खरे तर त्यातला अर्धा वाटा आम्हा मोठ्यांचा होता आणि तोही त्यानेच उचलला आहे.

हे वाचून होईल तेव्हा घरातल्या त्या खिळ्याकडे एकदा पाहा. चावी लटकलेली असेल तर आजच काढून ठेवा. अल्लाह आपल्या मुलांना, आपल्या शेजाऱ्यांना आणि रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येक जीवाला सुरक्षित ठेवो. आमीन.